गावात घर घेताना-बांधताना कानावर पडणारे शब्द : इसारापासून नमुना ८ पर्यंत

गावात घर बांधायला निघालात की जागोजागी वेगळीच भाषा कानावर पडते. पटवाऱ्याकडे आराजी, भोगवटादार, फेरफार. रजिस्ट्री ऑफिसात चतुःसीमा, मुद्रांक, सूची दोन. बँकेत मार्जिन, बोजा, मूल्यांकन. आणि मिस्त्री आला की जोता, लिंटेल, कव्हर, ब्रास. जो तो आपल्या घाईत बोलतो आणि आपण मान डोलावतो. पण यातला जवळपास प्रत्येक शब्द एकतर हक्काचा असतो, नाहीतर पैशाचा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाजवळ प्लॉट घेतला आणि त्यावर घर बांधलं. त्या वेळी जे शब्द विचारत-विचारत समजून घ्यावे लागले, ते ज्या क्रमाने तुमच्यापुढे येतील त्या क्रमाने इथे मांडतो आहे. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कोणताही कागद हातात आला की दोन प्रश्न विचारायचे : यातून काय सिद्ध होतं, आणि काय होत नाही?

१. जमीन कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा

विकणारा पहिल्या भेटीत म्हणेल, "कागद क्लिअर आहेत भाऊ, कायची चिंता करू नका." चिंता करू नका, पण जमिनीचा प्रकार विचारा.

*गावठाण किंवा आबादी* म्हणजे गावाची राहण्याची जागा. इथे घर बांधायला अकृषक परवानगी लागत नाही, ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी मात्र लागते. *शेतजमीन* म्हणजे सातबाऱ्यावर शेती म्हणून नोंदलेली जमीन. ती घर बांधण्यासाठी वापरायची तर तिचा वापर *अकृषक*, म्हणजे सगळे म्हणतात तसं *एनए*, व्हावा लागतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड चा आधार मिळतो. तिथे वेगळी मोठी परवानगी न घेता शुल्क भरून रहिवासी वापर मान्य करून घेता येतो. तुमची जागा त्या २०० मीटरमध्ये बसते की नाही, हे तहसीलमधून लेखी घ्या. विकणाऱ्याच्या पावलांनी मोजलेले २०० मीटर धरू नका.

*भोगवटादार वर्ग १* म्हणजे मालकाला विकायची मोकळीक असलेली जमीन. *वर्ग २* म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली जमीन. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगी मिळताना बहुतेक वेळा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या कागदांत *भूमिस्वामी* आणि *भूमिधारी* हे शब्दही सापडतात. विदर्भ १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, तिथल्या महसूल कायद्यातून ते आले. भूमिस्वामीला विकायचा हक्क मोकळा होता, भूमिधारीवर बंधनं होती. म्हणून कागदावर भूमिधारी दिसला की थांबा आणि आज ती जमीन कोणत्या वर्गात नोंदली आहे ते विचारा.

विदर्भात आणखी चार प्रकारांपाशी सावध राहायचं आहे :

- *नझूल* : सरकारी जागा, पट्ट्याने म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने दिलेली. पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण झालं आहे का ते पाहा.
- *झुडपी जंगल* : नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद सापडते. अशा जमिनी वनजमीनच मानायच्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. समोर गवत आणि बोरीची झुडपं दिसत असली तरी नोंद काय आहे तेच बघायचं.
- *आदिवासी खातेदाराची जमीन* : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. किंमत कमी सांगितली जाते म्हणून मोहात पडू नका.
- *भूदानाची जमीन* : विनोबांच्या चळवळीत मिळालेली ही जमीन कसण्यासाठी दिलेली आहे, प्लॉट पाडून विकण्यासाठी नाही.

शेतजमीन घेणार असाल तर तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी कुळवहिवाटीचा कायदा वेगळा आहे, १९५८ चा, आणि त्याच्या कलम ८९ मध्ये बिगर शेतकऱ्याला शेती विकण्यावर बंधन आहे.

२. पाच कागद, पाच वेगळी कामं

*सातबारा* : गाव नमुना ७ मध्ये मालकी आणि हक्क, नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. वरचं नाव वाचून बरेच जण कागद घडी करून ठेवतात. खरा मजकूर *इतर हक्क* या रकान्यात असतो. सेवा सोसायटीचं पीककर्ज, बँकेची विहीर-मोटरीची उचल, कुळाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथेच बसलेलं असतं. आम्ही पाहिलेल्या एका जमिनीच्या सातबाऱ्यावर एका ओळीत सोसायटीचं नाव, रक्कम आणि फेरफार क्रमांक होता. मालकाने कर्ज कधीच फेडलं होतं, सोसायटीची पावतीही घरात होती, पण *बोजा* उतरवायचा अर्ज कोणी दिलाच नव्हता. कर्ज फिटलं तरी कागदावर ते तसंच राहतं. म्हणून सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद, आणि बोजा कमी केल्याचा फेरफार, दोन्ही मागा, आणि तेही इसार देण्याआधी.

*आठ-अ* : एका खातेदाराच्या नावे त्या गावात एकूण किती जमीन आहे ते.

*फेरफार* : गाव नमुना ६. मालकी कुणाकडून कुणाकडे, कशी गेली याची नोंद. वारसाने, वाटणीने, विक्रीने की बक्षिसाने, हे इथे कळतं. शक्य तितके जुने फेरफार काढून ओळीने लावा. वडील गेल्यावर वारसांमध्ये फक्त भावांची नावं आणि बहिणींचा पत्ताच नाही, असं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पक्का केला. बहीण माहेरच्या प्रेमापोटी काही मागत नसेलही, पण तिची सही विक्रीपत्रावर हवी, नाहीतर तिचं नोंदवलेलं *हक्कसोडपत्र* हवं.

*आखीव पत्रिका* : सातबारा नसलेल्या, मोजणी झालेल्या जागेचा मालकीचा कागद. पुण्याकडे हिलाच मिळकत पत्रिका म्हणतात. गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० ला *स्वामित्व योजना* सुरू झाली. तिच्यात ड्रोनने मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवरचं नाव आणि क्षेत्र आजच तपासा.

*नमुना ८* : ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंद. गावात सर्वांत जास्त गैरसमज याच कागदाबद्दल आहे. "आमच्या नावाने घरटॅक्स पावती फाटते" म्हणजे घर आपलं, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. नमुना ८ वर घराचा कर कोण भरतो ते कळतं. मालकी त्याने सिद्ध होत नाही. नुसत्या नमुना ८ वर घर विकत घेऊ नका. आधी विकणाऱ्याकडे ते घर कसं आलं याचा कागद मागा.

डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, स्वतः नवा काढा. विक्रीपत्राच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा काढा.

३. मापं

प्लॉट बोलला जातो चौरस फुटांत आणि लिहिला जातो हेक्टर-आरमध्ये. सगळा गोंधळ तिथे होतो.

- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौ. फूट
- १ गुंठा = १,०८९ चौ. फूट
- १ आर = १०० चौ. मीटर = सुमारे १,०७६ चौ. फूट
- १ चौ. मीटर = १०.७६४ चौ. फूट
- १ डिसमिल = एकराचा शंभरावा भाग (भंडारा-गोंदियाकडे हे माप ऐकू येईल)

३० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १,५०० चौ. फूट, म्हणजे १३९.३५ चौ. मीटर. कागदावर तो ०.०१.३९ असा दिसेल : शून्य हेक्टर, एक आर, एकोणचाळीस चौ. मीटर. *आराजी* म्हणजे हेच क्षेत्रफळ.

*चतुःसीमा* म्हणजे चारही बाजूंना काय आहे त्याचं वर्णन. कागद हातात धरून प्लॉटवर उभं राहा आणि पूर्वेला लिहिलेला रस्ता खरंच पूर्वेला आहे का पाहा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी *मोजणी* करून घ्या. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाला *क प्रत* म्हणतात. शेजाऱ्यांना नोटीस जाऊन त्यांच्या समोर खुणा ठरल्या की पुढचे धुऱ्याचे वाद बरेच टळतात.

४. सौदा, इसार, विक्रीपत्र

*सौदाचिठ्ठी* किंवा *इसारपत्र* म्हणजे ठरलेल्या किमतीचा काही भाग देऊन केलेला करार. त्याने मालकी मिळत नाही. त्यात पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, विक्री लावण्याची तारीख, बोजा कोण उतरवणार, मोजणीचा खर्च कोणाचा आणि सौदा मोडला तर इसाराचं काय, हे सगळं लिहून घ्या. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि उद्या वाद झाला तर रोख दिल्याचा पुरावाही तुमच्याकडे राहत नाही.

*नोटरी* केलेला कागद आणि *नोंदणी* झालेला कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरी फक्त सह्या कोणाच्या आहेत याची साक्ष देतो. "स्टॅम्पवर लिहून दिलंय, नोटरीपण केलंय" असं म्हणून प्लॉट विकणारे अजूनही भेटतात. त्या कागदाने जागा तुमची होत नाही. मालकी येते ती *विक्रीपत्र* दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी करायची असते.

खर्चाचे दोन शब्द. *मुद्रांक शुल्क* हा व्यवहारावरचा कर आहे. तुम्ही ठरवलेली किंमत आणि सरकारी दरतक्त्यातली किंमत, म्हणजे *रेडी रेकनर*, यांपैकी जी जास्त तिच्यावर तो लागतो. *नोंदणी फी* १ टक्का असते, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. १ एप्रिल २०२१ पासून घर स्त्रीच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटसाठी नाही.

नोंदणी झाली की *सूची क्रमांक दोन* काढून ठेवा. त्यात व्यवहाराचा गोषवारा असतो. आणि लगेच *फेरफाराचा* पाठपुरावा करा. पटवारी, ज्याला सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं, नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव चढेपर्यंत काम अर्धंच आहे असं समजा.

एक सापळा वेगळा सांगायलाच हवा. शेतजमिनीचे छोटे तुकडे विकायला १९४७ च्या *तुकडेबंदी* कायद्याने बंधन आहे. त्यातून पळवाट म्हणून एकाच सातबाऱ्यावर आठ-दहा जणांची नावं *सामाईक* चढवतात आणि जमिनीवर चुन्याच्या रेषा मारून प्लॉट दाखवतात. कागदावर तुमच्याकडे *अविभक्त हिस्सा* असतो, म्हणजे कोणता कोपरा तुमचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. बँक त्यावर कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी अडते. प्लॉट *मंजूर लेआऊट*मधलाच घ्या. मंजुरीचा आदेश आणि शिक्क्याचा नकाशा मागा, प्लॉट नंबर नकाशावर बोट ठेवून शोधा, आणि तो *ओपन स्पेस*वर, म्हणजे लेआऊटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेवर, पडत नाही ना ते पाहा.

५. कागदांची थैली

एका जाड प्लास्टिकच्या थैलीत हे सगळं जमवत जा :

- चालू सातबारा किंवा आखीव पत्रिका, आठ-अ
- जुने फेरफार, विकणाऱ्याचं मूळ विक्रीपत्र किंवा वाटणीपत्र
- अकृषक आदेश किंवा ४२-ड चा कागद, मंजूर लेआऊट
- मोजणीची क प्रत
- सोसायटी-बँकेचे बेबाकी दाखले
- वकिलाचा *सर्च रिपोर्ट*, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, शक्यतो मागच्या ३० वर्षांचा
- इसारपत्र, चेकच्या नोंदी, विक्रीपत्र, सूची दोन
- घरटॅक्स पावती, नमुना ८
- बांधकाम परवानगी आणि नकाशा
- आधार, पॅन, फोटो, साक्षीदारांचीही ओळखपत्रं

सर्च रिपोर्टचे पैसे वाचवू नका. वकील तुमचा असू द्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

६. बँकेतले शब्द

*मार्जिन* म्हणजे तुम्ही स्वतः घालायची रक्कम. बँक कधीच पूर्ण खर्च देत नाही. *मूल्यांकन* म्हणजे बँकेच्या माणसाने ठरवलेली किंमत. ती तुमच्या खर्चापेक्षा कमी निघाली तर कर्जही कमी होतं. बांधकामाचं कर्ज *टप्प्याने* मिळतं : जोत्याला काही, स्लॅबला काही, छपाईला म्हणजे प्लास्टरला काही. पुढचा टप्पा मिळेपर्यंत मजुरांचे पैसे द्यायला हाताशी रक्कम हवी. कापूस-सोयाबीन विकल्यावर येईल या हिशेबावर ती ठेवू नका, भाव पडला तर काम उघड्या सळयांवर थांबतं. *फ्लोटिंग* म्हणजे बदलता व्याजदर. अशा गृहकर्जाची मुदतीआधी फेड केली तर बँक दंड लावू शकत नाही. *गहाणखत* झालं की तुमच्याही कागदावर बोजा चढतो. फिटल्यावर तो उतरवायची जबाबदारी तुमची.

७. घरकुल

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागासाठी १ लाख ३० हजार मिळतात. शौचालय आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी आहेत. घर किमान २५ चौ. मीटरचं, म्हणजे २६९ चौ. फुटांचं हवं.

*जिओ टॅगिंग* म्हणजे जागेवर उभं राहून काढलेला, ठिकाणाची नोंद असलेला फोटो. प्रत्येक *हप्ता* त्या फोटोवर अवलंबून असतो, म्हणून टप्पा पूर्ण झाला की वाट न पाहता फोटो काढायला सांगा. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते. घरकुलासाठी ५ ब्रास रेती मोफत देण्याची तरतूद २०२५ च्या रेती धोरणात आहे, ती हक्काने मागा. आणि घराचा आराखडा मिळणाऱ्या पैशाला धरूनच करा. मोठं जोतं घालून वर्षानुवर्षं कवेलूही (छपराची कौलंही) न चढलेली घरकुलं प्रत्येक गावात उभी आहेत.

८. तालुक्याला तयार फ्लॅट घेणार असाल

*कार्पेट* म्हणजे भिंतींच्या आतली, वापरायची जागा. *बिल्ट-अप*मध्ये भिंतीही आल्या. *सुपर बिल्ट-अप*मध्ये जिना आणि मोकळी जागाही. भाव कार्पेटवर विचारा. जमीन ५०० चौ. मीटरपेक्षा जास्त आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची *महारेरा*, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. नोंदवलेला करार होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

९. मिस्त्रीशी काय ठरवायचं

*लेबर रेट* म्हणजे फक्त मजुरी, सामान तुमचं. *मटेरियलसकट* म्हणजे सगळं त्याचं. दोन्हींत दर चौरस फुटावर असतो, आणि खरा प्रश्न हा की चौरस फूट कशाचे? जोत्याचे की स्लॅबचे? स्लॅबचं माप धरलं तर छज्जे आणि समोरचा पोर्चही मोजला जातो, आणि ८०० फुटांचं घर हिशेबात ९०० च्या वर जातं. दोन्ही चालतं, पण आधी लिहून घ्या. सेंट्रिंग (स्लॅब ओतताना खाली लावायच्या फळ्या आणि टेकू) कोणाचं, पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा, जिना, पॅरापेट, छपाईचे किती हात, हेही लिहा. पैसे आठवड्याच्या हिशेबाने मागितले तरी कामाच्या टप्प्याशी जोडूनच द्या.

१०. पाया : काळी माती समजून घ्या

या पायरीवर मी जास्त थांबतो, कारण आपल्याकडची बहुतेक तडे गेलेली घरं इथेच बिघडलेली आहेत.

काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिलमध्ये शेतात पाहा, भेगेत आख्खा हात जातो. हीच माती घराखाली असते. पावसाळ्यात ती घर वर ढकलते, उन्हाळ्यात खाली सोडते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून दाराची चौकट पावसाळ्यात अडकते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते.

मिस्त्री म्हणेल, "सारे इथं चार फुटावरच टाकतेत भाऊ." चार फूट हा आकडा धरू नका. काळ्या मातीचा थर संपून घट्ट *मुरूम* लागेपर्यंत खोदा. आमच्या खड्ड्यात वरची माती काळी, चिकट, फावड्याला धरून बसणारी होती. मग पिवळट-करड्या चुनखडीच्या खड्यांची माती लागली, आणि त्याखाली टिकाव आपटला की खणकन आवाज येणारा मुरूम. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत तो वेगवेगळ्या खोलीवर लागला, त्यामुळे प्रत्येक खड्डा वेगळा तपासावा लागला. थर फारच खोल असेल तर अभियंत्याला बोलवा. अशा मातीसाठी खाली फुगीर तोंडाच्या खांबांचा पाया करतात, तो मिस्त्रीच्या अंदाजाने करायचा नसतो.

शब्द असे :

- *पीसीसी* : खड्ड्याच्या तळाचा साध्या काँक्रीटचा थर.
- *फुटिंग* : त्यावर सळयांची जाळी टाकून केलेला कॉलमचा पाय.
- *प्लिंथ बीम* : जोत्याच्या पातळीवर सगळे कॉलम बांधून ठेवणारा पट्टा. काळ्या मातीत हा टाळूच नका.
- *जोता* : जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, त्याचा हिशेब आजच धरा.
- *भराई* : जोत्याच्या आतला भराव. तो मुरमाचा, पाणी मारून, थराथराने ठोकून करायचा. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत आत ढकलून पैसे वाचवणं म्हणजे फरशी उखडण्याची सोय. ती माती शेतात टाका.
- *डीपीसी* : ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर घातलेला थर.
- *प्लिंथ प्रोटेक्शन* : घराभोवती अडीच-तीन फुटांचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा. छताचं आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू नये म्हणून. पैसे संपत आले की लोक हेच गाळतात. त्याऐवजी रंग पुढच्या दिवाळीवर टाका.

भराई करतानाच उधईचं औषध मारून घ्या, नंतर फरशी फोडावी लागते.

११. सामानाची मापं

*ब्रास* म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि रेती दीड फूट उंच असेल तर ती ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. टेप घेऊन मोजा, खाली करण्याआधी. ओलसर रेती फुगून जास्त दिसते, हेही लक्षात ठेवा. कन्हान, वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, कुठलीही रेती असो, मुठीत चोळून पाहा. हाताला माती लागली तर परत पाठवा. रॉयल्टीची, म्हणजे रेतीवरचं सरकारी शुल्क भरल्याची, पावती मागा.

*गिट्टी* स्लॅबसाठी २० मिमीपर्यंतची. *फ्लाय अॅश विटा* औष्णिक वीज केंद्रांच्या राखेतून होतात, आपल्याकडे सहज मिळतात. मातीच्या विटा वापरत असाल तर बांधण्याआधी पाण्यात भिजवा.

*लोहा* वजनावर विकला जातो आणि नगावर मोजता येतो. १२ मीटरच्या सळईचं वजन :

- ८ मिमी : ४.७४ किलो
- १० मिमी : ७.४० किलो
- १२ मिमी : १०.६६ किलो
- १६ मिमी : १८.९६ किलो

बिलावरच्या वजनाला नगांनी भागा. थोडा फरक चालतो. बराच कमी वजन निघालं तर सळई बारीक आहे.

१२. स्लॅबचा दिवस

*एम-२०* हे काँक्रीटच्या ताकदीचं नाव. साध्या मिश्रणात ते एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. ५० किलोच्या गोणीत सव्वा घनफूट सिमेंट असतं. म्हणून सुताराकडून १२ बाय १२ बाय १५ इंचांची लाकडी पेटी करून घ्या, ती बरोबर सव्वा घनफुटाची भरते. एका गोणीला दीड पेटी रेती, तीन पेट्या गिट्टी. घमेल्याचा हिशेब दुपारनंतर बिघडतो, पेटीचा बिघडत नाही. पाणी गोणीला २५-२७ लिटर. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर पाणी वाढवतात. ते करू देऊ नका, *व्हायब्रेटर* लावा.

*कव्हर* म्हणजे सळईखाली काँक्रीटचा थर, स्लॅबला २० मिमी. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे मिळतात. गिट्टीचे तुकडे खाली सरकवलेले दिसले तर काढायला लावा. सळई सेंट्रिंगला टेकली असेल तर काही वर्षांत ती गंजून छताचे पापुद्रे पडू लागतात.

विदर्भाच्या उन्हात स्लॅब पहाटे सुरू करा. *पाणी मारणं* साध्या सिमेंटला किमान १० दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १४ दिवस. वाफे बांधून पाणी साठवा, नुसतं शिंपडून वाळू देऊ नका. चालू बोअर किंवा टँकरची सोय आधी करा, तारीख नंतर ठरवा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी काढायचे नाहीत, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांआधी नाही. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांआधी नाही. सेंट्रिंगवाल्याला दुसरीकडे न्यायची घाई असते, तुम्ही करू नका.

१३. घर उभं राहिल्यावर

वीज जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज केला की *डिमांड नोट* येते, ती भरल्यावर मीटर लागतं. बांधकामाचं तात्पुरतं मीटर घरगुतीत बदलून घ्यायला विसरू नका, त्याचा दर वेगळा असतो. परवानगीनुसार बांधकाम झाल्याचा *पूर्णत्वाचा दाखला* ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपंचायतीकडून घ्या.

मग नव्या घराची नोंद नमुना ८ वर करून घ्या. उतारा हातात आला की तिथेच उभं राहून वाचा : मालकाचं नाव विक्रीपत्राशी जुळतं का, पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलं असेल तर दोघांचीही नावं आहेत का, लांबी-रुंदी बरोबर आहे का, आणि बांधकामाच्या प्रकारात जुन्या कवेलूच्या घराची नोंद तशीच राहिलेली नाही ना. कर याच प्रकारावर आकारला जातो, आणि पुढे कर्ज घेताना बँकही हाच रकाना बघते. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती थैलीत ठेवा.